काठी उचलल्यानंतरचा आवाज : ड्रमसेटला ट्रिगर लावताना

 

ड्रमसेट वाजवणारी मुलं हल्ली आम्हांला एक प्रश्न हमखास विचारतात. सेटला ट्रिगर लावू का? लावला तर बिघडलं कुठे? या प्रश्नाची उत्तरं देणारे दोन पक्ष आपल्याकडे तयारच आहेत. एक म्हणतो, यंत्र आलं की कला गेली. दुसरा म्हणतो, जग कुठे चाललंय आणि तुम्ही कुठे बसलात. आम्हांला दोघांचाही कंटाळा आलाय, कारण दोघंही ऐकत नाहीत. संगीताची समीक्षा करायची तर वाद्य काय करतं आणि काय करत नाही, हे आधी कानाने तपासावं लागतं. आज तेवढंच करायचं आहे, आणि शेवटी ते नाशिकच्या ढोलापर्यंत न्यायचं आहे, कारण तिथे हा प्रश्न आपल्या घरचा होतो.

आधी ट्रिगर म्हणजे काय ते बघू. ही पितळी चकती बघा, साधारण दोन रुपयांच्या नाण्याएवढी. तिच्यावर पांढऱ्या सिरॅमिकचा थर असतो. ती वाकली, दबली, हलली की तिच्यात वीज तयार होते. हा गुण पिएर आणि जॅक क्युरी या भावांनी 1880 मध्ये दाखवून दिला. घड्याळाच्या गजरात, खेळण्यांत, वाढदिवसाच्या वाजणाऱ्या कार्डात हीच चकती उलट्या दिशेने काम करते. तिथे वीज दिली की ती थरथरते. इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात ती पन्नास रुपयांच्या आत मिळते. कंपनीचा ट्रिगर घेतला तर हीच चकती चांगल्या क्लॅम्पमध्ये बसवून येते आणि किमतीला शून्य वाढतात.

ही चकती ड्रमच्या पानाला टेकवायची, वायर मॉड्यूलला जोडायची. काठी पडली, पान हललं, चकतीने विजेचा एक झटका पाठवला. मॉड्यूल त्या झटक्याकडे बघून दोनच गोष्टी ठरवतं. आघात झाला का? झाला, तर किती जोराचा? जोराला ते 1 ते 127 मधला एक आकडा देतं, कारण 1983 पासून वाद्यं एकमेकांशी ज्या मिडी भाषेत बोलतात, तिच्यात तेवढीच घरं आहेत. मग तो आकडा घेऊन ते आपल्या साठ्यातला एक आवाज उचलतं आणि स्पीकरकडे सोडतं.

[इथे स्नेअरवर ट्रिगर लावून, आधी नुसता ड्रम, मग मॉड्यूलचा आवाज, मग दोन्ही एकत्र असं वाजवून दाखवलं.]

तुमच्या लक्षात आलं असेल, तिसऱ्यांदा वाजवलं तेव्हा आम्ही स्नेअरवर मारलं आणि स्पीकरमधून घंटा वाजली. मुद्दाम केलं. ट्रिगरला ड्रमचा आवाज कळत नाही, हे दाखवायचं होतं. त्याला फक्त टोला कळतो. ड्रम चांगला लावलेला आहे की त्याचं पान सैल पडलंय, लाकूड सागाचं आहे की प्लायचं, वाजवणाऱ्याने तो वाद्याचा गळा किती वर्षं घासून तयार केला, यातलं काहीही त्या वायरमधून पुढे जात नाही.

इतिहास थोडक्यात सांगतो. इंग्लंडच्या सिमन्स कंपनीचा षटकोनी पॅडचा इलेक्ट्रॉनिक ड्रमसेट 1981 मध्ये आला आणि त्या दशकातल्या गाण्यांवर त्याचा शिक्का बसला. जपानच्या रोलंड कंपनीने 1985 मध्ये ऑक्टोपॅड काढला. गंमत म्हणजे त्या पहिल्या ऑक्टोपॅडमध्ये स्वतःचा एकही आवाज नव्हता. आठ रबरी चौकोन, आणि बाकी सगळं दुसऱ्या यंत्राला आज्ञा देण्यासाठी. म्हणजे तो निव्वळ ट्रिगर होता. पोटात आवाज नंतरच्या मॉडेलांमध्ये आले. आपल्या ऑर्केस्ट्रात घरोघरी पोचला तो 1998 चा एसपीडी-20. त्याच्या मागे बाहेरचे ट्रिगर जोडायला भोकं होती, पण आपल्याकडे ती वर्षानुवर्षं धूळ खात राहिली. कारण सरळ होतं. ऑर्केस्ट्रावाल्याला ड्रमसेट नकोच होता. टेम्पोत जागा खाणारा, जोडायला अर्धा तास लागणारा सेट घरी ठेवून तो एका बॅगेत मावणारं यंत्र घेऊन निघाला. लग्न, जागरण-गोंधळ, गणपतीतला ऑर्केस्ट्रा, भीमजयंतीचा गीतांचा कार्यक्रम, सगळीकडे. एका माणसाने ड्रम, कोंगो, ढोलकी, घुंगरू, टाळी असं सगळं वाजवायचं. बाकीच्यांनी काय वाजवायचं, हे कोणी विचारलं नाही.

आता मुलं खऱ्या ड्रमसेटकडे परत आलीत आणि त्याला ट्रिगर लावतायत. म्हणजे गाडी उलट्या दिशेने निघाली आहे, आणि हे आम्हांला चांगलंच वाटतं. निदान लाकूड, पान आणि काठी समोर आहे.

ट्रिगरच्या बाजूने जे बोलण्यासारखं आहे ते कंजुषी न करता बोलू. सर्वांत मोठी सोय बेस ड्रमची. मोकळ्या मैदानातल्या मांडवात बेस ड्रमसमोर माइक ठेवला की त्यात बासगिटार येतो, जनरेटर येतो, आणि साउंडवाल्याने आवाज वाढवला की शिट्टी येते. ट्रिगर लावला की प्रत्येक लाथ स्वच्छ. जोरकस मेटल वाजवणारे दोन्ही पायांनी सेकंदाला दहा-बारा ठोके मारतात. त्या वेगात पायात ताकद उरत नाही, ठोके पुसट होतात, म्हणून त्या मंडळींनी बेस ड्रमला ट्रिगर लावणं रूढच केलं. यावर जगभर वाद झाला. ही फसवणूक आहे, म्हणाले. आमच्या मते तिथे फसवणूक नाही. बेस ड्रमचं काम या संगीतात ठोका कुठे पडला हे सांगणं एवढंच असतं, आणि ट्रिगरला नेमकं तेवढंच कळतं. ठोका चुकला तर ट्रिगर तो दुप्पट स्पष्ट करून चुकवतो. उलट तिथे लपायला जागाच उरत नाही.

दुसरी सोय फ्लॅटमधली. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत रहिवासी भागाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45 आहे. स्नेअरचा एक टोला जवळून 100 च्या वर सहज जातो. इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या मुलाने रियाज करायचा कुठे? पानाच्या जागी जाळी बसवायची, खाली ट्रिगर, कानाला हेडफोन. खालच्या काकूंना फक्त टकटक ऐकू येते. या सोयीमुळे आज कितीतरी मुली-मुलं ड्रम शिकू शकतात, हे नाकारणं दुष्टपणाचं होईल.

इथपर्यंत ठीक. आता स्नेअरकडे या.

स्नेअरवर चांगला ड्रमर दोन मोठ्या ठोक्यांच्या मध्ये चार-पाच इतके हलके ठोके भरतो की ते ऐकू येण्यापेक्षा जाणवतात. त्याच्यामुळे गाणं चालतं. ट्रिगरमध्ये थ्रेशोल्ड नावाचं एक बटण असतं, म्हणजे उंबरठा. त्याच्या खालचा आघात मॉड्यूल आत घेत नाही. हा उंबरठा उंच का ठेवावा लागतो? कारण स्टेजवर शेजारचा टॉम वाजला तरी स्नेअरचं पान थरथरतं. पाठीमागे स्पीकरची भिंत असेल तर ती नुसत्या हवेने ट्रिगर उडवते. मग साउंडवाला म्हणतो, जरा वर घे. वर घेतला की खोटे ठोके जातात, आणि त्यांच्याबरोबर हे हलके ठोकेही जातात. तिथून पुढे ड्रमर काय करतो बघा. तो हळू वाजवणं सोडतो. मशीन ऐकत नाही म्हटल्यावर हात कशाला शिणवायचा? सहा महिन्यांत त्याचा हात दोनच पातळ्यांवर येतो, मोठा आणि त्याहून मोठा.

दुसरं बटण मास्क टाइमचं. एका टोल्यानंतर पान हलतच राहतं. ते हलणं दुसरा टोला समजू नये म्हणून मॉड्यूल काही मिलिसेकंद कान झाकून घेतं. आता दोन काठ्या किंचित मागेपुढे टाकून जो 'फ्लॅम' वाजतो, त्यातलं अंतर दहा-वीस मिलिसेकंदांचंच असतं. कान जास्त वेळ झाकले तर दोन काठ्यांची एक काठी होते. काठी पानावर दाबून थरथरवत जो 'बझ रोल' वाजवतात, त्याचा तर पार चुराडा होतो. ही बटणं साउंडवाल्याची तांत्रिक बाब आहे असं समजू नका. कुठला आवाज संगीतात मोजायचा आणि कुठला नाही, हे ती ठरवतात. तबल्याच्या गुरूने शिष्याला वीस वर्षांत जे शिकवलं असतं, ते इथे कारखान्यात बसलेल्या कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं, आणि आपण ते डिफॉल्टवर ठेवून वाजवतो.

उशीर होतो, म्हणजे लेटन्सी येते, ही तक्रार मात्र आम्हांला फारशी पटत नाही. चांगल्या मॉड्यूलमध्ये ती पाच मिलिसेकंदांच्या आसपास असते. आवाज हवेतून मिलिसेकंदाला साधारण 34 सेंटिमीटर जातो. म्हणजे पावणेदोन मीटरवर उभ्या असलेल्या माणसाचा ठोका तुम्हांला जितका उशिरा ऐकू येतो, तितकाच. त्यावर कोणी रडू नये.

खरा अडथळा पुढे आहे, आणि तो आपल्या वाद्यांशी आला की उघडा पडतो. ड्रमसेटच्या बहुतेक भागांवर काठी पडते आणि उचलली जाते. वाजवणाऱ्याचं काम तिथे संपतं. आपल्याकडे काम तिथे सुरू होतं. डग्ग्यावर बोटं पडल्यावर मनगटाने पुडी दाबत, सरकवत आवाज वर चढवतात, त्याला आपण दाबगास म्हणतो. 'घे' वाजला तो क्षणभर. त्यानंतर जे वर चढत गेलं, ते सगळं संगीत आघातानंतरचं. ट्रिगरच्या दृष्टीने तेव्हा काहीच घडत नाही, तो पुढच्या टोल्याची वाट बघत बसलेला असतो. उजव्या हाताचं सांगायचं तर 'ना' चाटेवर आणि 'तिं' लवेवर. जोर तोच, जागा दोन बोटं आत. वादक त्यालाच निकास म्हणतो. एका चकतीला दोन्ही सारखेच. शाईमुळे आपल्या तालवाद्यांना खरा सूर मिळतो, त्यांचे वरचे नाद स्वराच्या पटीत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं आणि 1934 मध्ये सविस्तर दाखवलं. एखाद्या अनाम कारागिराने पानावर थर घोटत घोटत जे साधलं, ते एका आकड्यात कसं मावणार?

ढोलाचं तेच. एका अंगाला टिपरू, दुसऱ्या अंगाला हाताची थापी. दोन पानांमध्ये कोंडलेली हवा असते. एक पान हललं की दुसरं हलतंच. म्हणून थापीचा हात नुसता वाजत नाही, तो टिपरूच्या टोलाची आस लांबवतो किंवा तोडतो. हात पानावर ठेवला तर टोल कोरडा, सोडला तर घुमतो. नवीन मुलाला ढोल बांधून उभं केलं की तो टिपरू लवकर शिकतो, थापीला त्याला वेळ लागतो. टिपरूच्या पानाला ट्रिगर लावा, थापीचं निम्मं काम वायरमध्ये येणारच नाही.

आणि आता ज्याच्यासाठी हा विषय घेतला तिथे आलो. पॅडच्या यंत्रांसाठी जे आवाजांचे पॅच विकले जातात, हातोहात दिले जातात, त्यांत 'नाशिक ढोल' नावाचं बटण असतं. आपल्या गावाचं नाव देशभरातल्या लग्नांत एका रबरी चौकोनावर आहे. अभिमान वाटावा की काय, असं आम्हांलाही क्षणभर वाटलं होतं. मग ते नीट ऐकलं. एकच टोल. जोराने मारला तर तोच मोठा, हळू मारला तर तोच लहान. सोळा वेळा मारला तर सोळा वेळा तोच, शिवणयंत्रासारखा. ज्या आवारात तो टोल ध्वनिमुद्रित झाला, त्या आवाराचा प्रतिध्वनी त्याच्यात कायमचा गोठलेला. मेन रोडच्या दाटीत ढोल वेगळा लागतो आणि गोदाघाटाच्या मोकळ्यावर वेगळा, हे विसर्जनाच्या मिरवणुकीत चाललेल्या कोणालाही सांगावं लागत नाही.

बरं, नाशिक ढोल म्हणजे एक ढोल थोडाच? पथक आहे ते. रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत दहा मीटर धरा, आवाजाला ते अंतर कापायला 29 मिलिसेकंद लागतात. शिवाय प्रत्येकाचा दंड वेगळा, पान वेगळं, दमलेपणा वेगळा. म्हणून पथकाच्या टोलाला रुंदी असते. तो छातीवर येऊन पसरतो. बटणाच्या टोलाला टोक असतं, रुंदी नसते. आणि वर त्या ताशाच्या तर्रीचं काय? ताशावाला पथकाला ओढत नेतो, लय चढवतो, थांबवतो. पॅचमध्ये ताशाची तर्री शेजारच्या चौकोनावर असते, आधीच ठरलेल्या लयीत. म्हणजे ज्याने पुढे चालायचं तोच बांधलेला.

यावर कोणीतरी उठून म्हणेल, आणि म्हणावंच, की तुमच्या ढोलाला तरी कातडं कुठे राहिलंय? खरं आहे. भाद्रपदात पाऊस असतो, कातडं ओलं होऊन उतरतं, म्हणून फायबरचं पान आलं. ड्रमसेटचंही तेच झालं, 1957 च्या सुमारास प्लॅस्टिकची पानं आली आणि वासराचं कातडं मागे पडलं. त्याच्याही मागे जा. अमेरिकेत लुडविग बंधूंनी 1909 मध्ये बेस ड्रमचं पायडल विकायला काढलं आणि दोन-तीन वादकांचं काम एक माणूस करू लागला. ड्रमसेट हे वाद्यच मुळी माणसं कमी करण्यातून वाढलंय. तेव्हा शुद्धतेच्या गप्पा ड्रमसेटवर बसून मारू नयेत.

पण एक फरक आहे. फायबरचं पान आवाज बदलतं, तरी तो त्या हाताचा, त्या क्षणाचा आवाज असतो. पान वाईट असेल तर वाईट वाजेल, पण तुमचं वाजेल. पायडलचंही तसंच. ट्रिगरमध्ये आघात तुमचा आणि आवाज दुसऱ्या कोणाचा तरी. हे जोडकाम चांगलं होऊ शकतं, मात्र ते जोडकाम आहे हे वादकाला माहीत हवं.

चांगलं झाल्याची उदाहरणं आहेत. लंडनच्या तलविन सिंगने तबल्याला इलेक्ट्रॉनिक्स जोडलं, आणि त्याच्या 'ओके' या अल्बमला 1999 चं मर्क्युरी पारितोषिक मिळालं. तिथे तबला तबलाच राहतो, यंत्राचा आवाज त्याच्या बाजूला उभा राहतो, त्याच्या जागी नाही. अजय कपूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये ई-तबला मांडला. त्यात त्यांना दाब ओळखणारे सेन्सर पसरून लावावे लागले, कारण किती जोरात हे कळून भागत नाही, कुठे हेही कळावं लागतं. एका चकतीने तबला पकडता येत नाही, याची ती तांत्रिक कबुलीच म्हणा ना.

आणि तिसरं उदाहरण ट्रिगर न लावता केलेल्या जोडकामाचं, ते आम्हांला सर्वांत जवळचं. त्रिलोक गुर्टू. बेळगावात जन्मलेल्या शोभा गुर्टू यांचा मुलगा, मुंबईत वाढलेला. हा माणूस ड्रमसेटसमोर स्टुलावर बसत नाही, जमिनीवर बसतो, तबला हाताशी ठेवतो. वाजती झांज पाण्याच्या बादलीत बुडवतो, आणि तिचा सूर वाकत खाली जातो. 1988 च्या 'उसफ्रेत'मध्ये आई गाते आणि मुलगा हे सगळं वाजवतो. आम्ही त्या बादलीकडे नेहमी बोट दाखवतो. झांजेवर आघात झाला एकदाच. सगळी जादू त्यानंतर पाण्यात झाली. तिथे ट्रिगर लावला असता तर त्याने काय कळवलं असतं? एक आकडा. बहुधा साठ-सत्तरच्या आसपासचा.

तर ट्रिगर लावणाऱ्या मुलांना आमचं सांगणं असं. बेस ड्रमला लावा, बिनधास्त. स्नेअरला लावायचा तर माइक काढू नका, दोन्ही आवाज मिसळा आणि ड्रमचा पारडा जड ठेवा. उंबरठा साउंडवाल्याला ठरवू देऊ नका. घरी बसून, सर्वांत हलका ठोका कुठपर्यंत जातो ते स्वतः बघून ठरवा, आणि मास्क टाइम फ्लॅम वाजवत लावा. ढोलकीला, संबळाला, ढोलाला ट्रिगर नको, माइक ठेवा, ढोलाला तर दोन्ही बाजूंना. आवाज फिरकत असेल तर माइक जवळ न्या, वादक बदलू नका.

आणि कार्यक्रम ठरवणाऱ्यांना. तुम्ही बजेटचं कारण सांगता, ते खोटं नाही. ढोलकीवाला, संबळवाला, दोन ढोलवाले म्हटले की मानधनं वाढतात, टेम्पो मोठा लागतो, जेवणाची चार पानं वाढतात. मग एका बटणावर भागवा, हरकत नाही. पण पत्रिकेवर 'नाशिक ढोलच्या गजरात' असं छापू नका. 'ऑक्टोपॅड' छापा. आणि 'डॉल्बी'ही छापू नका, जाता जाता सांगतो. रे डॉल्बीने 1965 मध्ये ती कंपनी काढली ती ध्वनिमुद्रणातला गोंगाट कमी करण्यासाठी. त्या बिचाऱ्याचं नाव आपण कशाला दिलं, हे त्याला कळलं नाही ते बरंच झालं.

ऑनलाइन मंडळींनी चॅटमध्ये विचारलंय, दोन्ही पानांना दोन चकत्या लावून थापी पकडता येईल का. आघात पकडता येईल, हात ठेवून आस तोडली ते नाही. त्यासाठी दाबाचा सेन्सर लागेल, आणि तो पानावर चिकटवला की पान जड होऊन त्याचा आवाज उतरतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत सेन्सर लावणारी हुशार मंडळी आपल्या गावात आहेत, त्यांच्यापैकी कोणी हे करून बघितलं तर आम्हांला ढोल घेऊन यायला आवडेल. आता इथले प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतले दादा, बोला.